थंडा शेक

वडनेरात देवकाबाईंना लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्यांची जीभ आणि दुसरा त्यांच्या हातचा शेक. घरचं किराण्याचं दुकान होतं. गावात कोणाची लेक-सून बाळंत झाली की घरचा माणूस ओवा, बाळंतशेपा, डिंक घ्यायला दुकानावर येई आणि सामानासोबत देवकाबाईंनाही घेऊन जाई. बाजेखाली विस्तव किती ठेवायचा, धुरी केव्हा द्यायची, कापडाची घडी तव्यावर किती वेळ धरायची, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. याबद्दल त्यांनी कधी कोणाचं काही घेतलं नाही. घेतलं असतं तर त्या घरात शिरता शिरता शिव्या देता आल्या नसत्या.

सत्याण्णव सालच्या डिसेंबरात वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी नेमका 'शेक' हाच शब्द काढला, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

देवकाबाईंना बाहेर बाकावर बसवून दोघं मुलगे आत गेले होते. थोरला प्रभाकर वडनेरचं दुकान सांभाळायचा. धाकटा कृष्णकांत वर्ध्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायचा. डॉक्टरीणबाई वयाने तरुण, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, पसरलेला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. किरणांचे उपचार दिले तर रक्त जाणं थांबेल, दुखणं कमी होईल.

"आजार मुळातून जाईल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "जे दिवस आहेत ते जरा बरे जातील. इकडे सगळे याला शेक म्हणतात. पंचवीस शेक, शनिवार-रविवार सोडून रोज एक. पाच आठवडे."

प्रभाकरने हात जोडले. "मायले यातलं काईच सांगू नका, म्याडम."

"सांगायचं तर तुम्हीच सांगायचं. पण सांगा."

बाहेर आल्याबरोबर देवकाबाईंनी विचारलं, "काय म्हने बाई?"

"काई नाई व माय. बाईपनाचा अशक्तपना हाय," प्रभाकर म्हणाला. "शेक घ्या लागते."

"शेक?" देवकाबाईंची मान वर झाली. "किती दिस?"

"पाच हप्ते."

"पाच हप्ते म्हन्जे सव्वा महिनाच झाला ना. बायंतिनीवानी." महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "मी कवाची सांगून राह्यली! या किसनाच्या वेळेस माया शेक अर्धा राह्यलता. बाराव्या दिवशी सासू मेली, कोनाले शेक अन कोनाले धुरी! तवापासून ही कंबर धरली थे धरली. चला, डाक्टराले समजलं तं."

कृष्णकांत शेजारीच उभा होता. शब्दांचे अर्थ सांगण्यावर त्याचं पोट होतं. वीस वर्षं तो फळ्याच्या डाव्या अंगाला शब्द आणि उजव्या अंगाला अर्थ लिहीत आला होता. इथे मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटली. भावाने आईला फसवलं हे त्याला कळत होतं. आपण काही खोटं बोललो नाही, 'शेक' तर डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती पुरती पटली नाही, पण तेवढ्यावर त्याने निभावून नेलं. असं निभावून नेण्याची त्याला जन्माची सवय होती.

प्रभाकर त्याच दिवशी वडनेरला परतला. आई कृष्णकांतच्या घरी राहिली आणि दुसऱ्या सकाळपासून तोंडाचा पट्टा सुरू झाला. कृष्णकांतची बायको लीना जिल्हा परिषदेत कारकून होती. मूलबाळ नव्हतं.

"नवरा शाळेत, बायको कचेरीत, अन दाराले कुलूप," देवकाबाई म्हणाल्या. "हे घर हाय का गोदाम?"

"गोदामच आहे," लीना स्वयंपाकघरातून म्हणाली. "सध्या एक पोतं जास्तीचं आलंय."

कृष्णकांतने हातातलं पुस्तक जरा वर धरलं. दोघींनाही आपल्याला ऐकू गेलं नाही असं वाटावं, एवढीच त्याची धडपड.

पहिल्या शेकाहून देवकाबाई तणतणत बाहेर आल्या. पोटावर जांभळ्या शाईने रेघा आखल्या होत्या. त्या पुसू नका, तिथे साबण-तेल लावू नका असं नर्सने बजावलं होतं.

"पाटी आखावं तसं पोट आखलं माया. लोखंडी टेबलावर निजवलं अन थे पोट्टी बाहेर पळाली, दरवाजा लावून! शेक देनाऱ्या बाईनं जवळ बसावं लागते, चटका बसते का पाहावं लागते. अन शेक तरी कसा, थंडा! मशीन नुसती गुरगुरली दोन मिनिटं. असा थंडा शेक मी जलमात पाह्यला नाई."

रांगेत बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांत हिंगणीची अनुसयाबाई होती, अंगाने धिप्पाड. गाव लांब, उपचारही दोन महिन्यांचे, म्हणून दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत खोली घेऊन राहिलेली. तिने आधी देवकाबाईंकडे पाहिलं, मग कृष्णकांतकडे. कृष्णकांतने हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. आधीचं वाचून झालं नव्हतं.

पुढे हा रोजचाच कार्यक्रम झाला. नंबर येईपर्यंत देवकाबाई त्या रांगेला शेकाचं शास्त्र शिकवत. धुरीशिवाय शेक म्हणजे मिठाशिवाय वरण. शेक घेतल्यावर वारं लागू द्यायचं नाही. अनुसयाबाईला त्या रोज दटावत, "ओव्याची पुरचुंडी ठेवत जाय व उशाशी, तुया अंगात वात शिरला." अनुसयाबाई "हो जी, हो जी" म्हणे आणि पदराने तोंड पुसत राही.

दवाखान्याने घरी न्यायला एक छापील कागद दिला होता. कृष्णकांतने तो घरी येऊन नीट वाचला. सात सूचना होत्या, आणि पाचवी अशी: शेक दिलेल्या जागेवर गरम शेक देऊ नये.

त्याला पहिल्यांदा हसूच आलं. मुलांना दाखवण्यासारखं वाक्य होतं, एकच शब्द, दोन अर्थ. मग हसू विरलं. हे आईला वाचून दाखवलं तर ती विचारणार, मग मले देऊन राह्यले थे काय हाय? आणि त्या प्रश्नाला पुढे फाटे फुटणार. त्याने आईला कागद वाचून दाखवला, पाणी भरपूर प्या, सैल कपडे घाला, सगळं. चौथ्या सूचनेवरून तो सहावीवर गेला. वर्गात एखादी नको ती ओळ आली की तो असाच पुढे जात असे.

दहाव्या शेकानंतर जुलाब सुरू झाले. देवकाबाई पार गळून गेल्या. अंथरूण खराब होऊ लागलं. लीना कचेरीत जाण्याआधी चादरी धुवायची, आल्यावर पुन्हा धुवायची आणि धुताना आपटायची जरा जास्तच. देवकाबाई पडल्या पडल्या म्हणत, "आपट. मले आपटता येत नाई म्हनून चादर आपट." पण त्यांचा खरा राग होता त्या मशीनवर. शेक अंगी लागत नाही, कारण देणाऱ्यांना देता येत नाही, हे त्यांचं निदान पक्कं होतं.

पंधरावा शेक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लीना अर्धी रजा टाकून घरी आली तर दारातच ओव्याचा आणि करपल्या कापडाचा वास. देवकाबाई पलंगावर उताण्या पडल्या होत्या. गॅसवर भाजून काढलेली अर्धी वीट जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी ओटीपोटावर ठेवली होती. चेहरा वेदनेने आवळलेला, पण डोळ्यांत विजय.

"तुया डाक्टरनीले आनून दाखव," त्या म्हणाल्या. "शेक असा असते."

लीनाने वीट उचलली. कापड निघेना. पाणी टाकून टाकून सोडवलं, तेव्हा त्याबरोबर कातडीही आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच ओरडल्या. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला शेक द्यायला?"

"तुमीनंच!" देवकाबाई टेबलावरून ओरडल्या. "पाच हप्ते शेक, म्हने! तुमाले येत नाई तं मी घेतला!"

डॉक्टरीणबाईंनी नर्सला जखम धुवायला सांगितलं. मग कृष्णकांतला बाहेर घेऊन गेल्या.

"कागद वाचून दाखवला होता ना?"

"हो."

"सगळा?"

कृष्णकांत फरशीकडे पाहत राहिला. त्यांना काय समजायचं ते त्या समजल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता दोन आठवडे थांबावं लागेल. जखम भरली की उरलेले दहा द्यायचे की नाही, हे ठरवावं लागेल. मध्ये खंड पडलाय, म्हणून फायदा आधीइतका होईलच असं नाही. त्रास मात्र होणार. अर्धवट सोडले तर रक्त लवकर सुरू होईल. दोन्हींत काही ना काही आहे. आजींना विचारा. या वेळी त्यांनाच विचारा."

रविवारी प्रभाकर वडनेरहून आला. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी आणि डोक्यात राख. आईच्या खोलीत डोकावून आला आणि अंगणाच्या दाराशी भावाला गाठलं.

"तुया भरोशावर ठेवली मायले, अन तुमीनं भाजून काढली तिले!"

"आम्ही?" लीना मध्ये आली. "भाऊजी, मग तुमच्या घरी का नाही ठेवलीत?"

"दवाखाना वर्ध्यात हाय म्हनून."

"आणि चादरी? त्या धुवायला वडनेरला पाठवत जाऊ का?"

"लीना," कृष्णकांत म्हणाला.

"लीना काय? यांनी शेक म्हणून सांगायचं, तुम्ही मान खाली घालायची, आणि निस्तरायचं मी!"

प्रभाकरने तिच्याकडे पाठ केली. "आयक मास्तर. बस झाला हा शेक. मी मायले घरी नेतो. गावात चार मानसं येतीन, बसतीन. आपल्या घरात मरन थे."

"डॉक्टर म्हणाल्या, तिला विचारा."

"काय इचारू? माय, तुले कॅन्सर हाय, दहा दिस भाजून मरतं का तसंच मरतं? आयकल्या दिवशीच जाईन थे."

"पण भाऊ, तिला माहीत नाही म्हणूनच हे झालं. आपण सांगायला हवं होतं."

"आपन?" प्रभाकर त्याच्या अगदी जवळ आला. "थ्या दिवशी बाकापाशी तू उभा होता ना? मी तं अडानी दुकानदार. माया तोंडून जे निघालं थे निघालं. तू शिकलेला. तवा काऊन तोंडात गूळ धरला होता? आता माय भाजली तवा तुले खऱ्याचा पुळका आला!"

भाऊ दुष्टपणाने बोलत होता, पण चूक बोलत नव्हता. आता सांगायचं ते आईसाठी, की आपल्या छातीवरचा दगड उतरावा म्हणून, हेही कृष्णकांतला नक्की ठरवता येईना.

"मी सांगणार आहे," तो शेवटी म्हणाला.

"सांग. अन सांगितल्यावर माया दुकानाची पायरी चढू नको. भाऊ मेला समज." प्रभाकर चहा न घेता निघाला. शेंगांची पिशवी मात्र ठेवून गेला.

सोमवारी कृष्णकांतने रजा टाकली. देवकाबाई अंगणात उन्हात खाटेवर बसून त्याच शेंगा सोलत होत्या. काय आणि कसं बोलायचं हे त्याने रात्रीच घोकून ठेवलं होतं.

"आई, तुला कर्करोग झाला आहे."

"काय झाला?"

"कर्करोग."

"थे काय असते? घरात मास्तरकी नको करू. मानसावानी बोल."

आपण पुन्हा एका शब्दाच्या आड जाऊन उभे राहिलो, हे त्याला तिथल्या तिथे उमगलं.

"कॅन्सर," तो म्हणाला. "पिशवीच्या तोंडाशी. पसरलाय. तो मशीनचा शेक त्याच्यासाठीच होता. तो आपला शेक नव्हे, आई. ते किरण असतात, दिसत नाहीत, जाणवत नाहीत. त्यावर गरम काही ठेवायचं नसतं. तसं कागदावर लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही तुझ्यापुढे."

देवकाबाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली. रडू येईल, त्या पडतील, असं त्याला वाटलं होतं. त्या नुसत्या पाहत होत्या.

"कोनाकोनाले मालूम हाय?"

"भाऊला. लीनाला."

"अन रांगीतल्या बायाईले?"

"तिथे सगळ्या त्यासाठीच येतात, आई."

"म्हन्जे मी रोज तिथं ओवा अन धुरी सांगत होती," त्या हळूहळू म्हणाल्या, "अन थ्या साऱ्या मायाकडे पाहून काय म्हनत असतीन? म्हातारी बह्याड हाय. हो ना? अन तू बाजूले बसून पुस्तक वाचत होता."

तो खाटेखालची टरफलं गोळा करू लागला.

"तुया जलमाच्या वेळचा शेक राह्यला म्हनून झालं नाई हे?"

"नाही. त्याचा काही संबंध नाही."

"पंचेचाळीस वर्स थो दोष मी तुयावर ठेवला. जाऊ दे, गेला थो." त्यांनी शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. "पन रिकामा नाई राह्यला तू. आता खरा दोष भेटला तुले."

"भाऊ म्हणाला होता, तुला धक्का बसेल..."

"प्रभाकर खोटं बोलते थे मले समजते. लहानपनापासून समजते, थो खोटं बोलते तवा नाकात बोलते. थ्या दिवशीबी बोलला. मी तुयाकडे पाह्यलं. तू चूप होता. मी म्हनलं, किसना चूप हाय म्हन्जे खरं असन. काई खोटं असतं तं हा बोलला असता." त्यांनी ताटली बाजूला सारली. "प्रभाकरच्या खोट्यानं मी नाई फसली. तुया चूप राह्यन्यानं फसली. तू मास्तर ना? शब्दाचा अर्थ सांगनं तुयं काम. दुसऱ्याच्या लेकराईले सांगतं, अन मायच्या वख्ताले पान पलटवतं?"

उरलेले दहा घ्यायचे की नाही हे तूच ठरवायचं, एवढं त्याने कसंबसं सांगितलं. त्यानंतर जखम भरेपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. पाणी हवं असलं तर लीनाला हाक. लीना कचेरीत असली तर तहानेल्याच बसत. त्याने पेला पुढे केला तर तोंड फिरवत. लीनाशी मात्र बोलणं वाढलं. त्यात गोडवा नव्हता, पण बोलणं होतं.

"चादर आपटू नको, फाटन."

"फाटली तर दुसरी आणीन. तुम्ही कुशीवर व्हा."

एकदा कृष्णकांतने बायकोला विचारलं, "काही म्हणते का? काय ठरवलं तिने?"

"मला मध्ये घेऊ नका," लीना म्हणाली. "मी चादरी धुते, तेवढं पुरे."

ठरलेल्या दिवशी दवाखान्यात रांग तशीच होती. देवकाबाई सरळ अनुसयाबाईशेजारी जाऊन बसल्या.

"काय व अनुसये, तुले मालूम होतं ना?"

अनुसयाबाई गडबडली. "मले वाटलं तुमालेबी मालूम हाय जी. पोराले वाईट वाटू नये म्हनून तुमी सोंग करून राह्यल्या."

"मी सोंग करत नसतो कोनासाठी," देवकाबाई म्हणाल्या. "तुया खोलीत एक बाज मावन का?"

"दोन मावतीन."

नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, मान हलवली आणि एक फॉर्म पुढे ठेवला. उरलेले उपचार पुन्हा सुरू करायचे तर संमती लागणार होती. कृष्णकांतने सवयीने खिशातलं पेन काढलं.

"ठेव थे," देवकाबाई म्हणाल्या. "वाच."

"आई, मी तुला थोडक्यात सांगतो."

"थोडक्यात नाई. पूरा वाच. मागच्या बाकावरच्या पोराले आयकू येते तसा."

दार अर्धं उघडं होतं. बाहेर सात-आठ बाया बसल्या होत्या. कृष्णकांतने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीवर त्यांनी थांबवलं.

"प्रगत म्हन्जे?"

"म्हणजे... पुढे गेलेला. वाढलेला."

"मंग तसं म्हन. चाल पुढं."

"उपशामक हेतूने..."

"म्हन्जे?"

त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या टेबलाकडे पाहत होत्या. मदत मिळणार नव्हती.

"म्हणजे बरं करण्यासाठी नाही," तो म्हणाला. "त्रास कमी व्हावा म्हणून."

"पुन्हा म्हन. जोरानं."

त्याने पुन्हा म्हटलं. बाहेरचं कुजबुजणं थांबलं होतं. असं एकेका शब्दावर अडवत, अर्थ वदवून घेत त्यांनी तो फॉर्म तळापर्यंत वाचायला लावला. वर्गातल्या कच्च्या मुलाला त्यानेही कधी इतकं उभं धरलं नव्हतं. संपला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

मग देवकाबाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "दहा घेतले तं किती दिस वाढतीन?"

"दिवस वाढतीलच असं नाही, आजी. रक्त थांबेल, दुखणं कमी होईल. किती काळ, ते सांगता येत नाही."

"अन हागवन?"

"पुन्हा लागेल. औषध देऊ, पण लागेल."

"मंग दहाचं नाव नको काढू बाई. उद्या एक घेतो. परवा मले इचारजो. मी हो म्हनलं तं दुसरा. नाई म्हनलं तं नाई."

"सलग झाले तर फायदा..."

"सलग होईन का नाई थे माया अंगाले समजन. रोज इचारा. मले इचारा. याले नाई, त्याच्या भावालेबी नाई."

डॉक्टरीणबाईंनी कृष्णकांतच्या हातातला फॉर्म घेऊन देवकाबाईंपुढे ठेवला. "बरं. रोज विचारीन."

देवकाबाईंनी सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने एकेक अक्षर सुटं काढलं. खाली नातेवाइकाच्या सहीची जागा होती. कृष्णकांतने हात पुढे केला तेव्हा त्यांनी कागद उचलून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.

"माझी सही लागेल ना?" त्याने विचारलं.

"पेशंट शुद्धीवर आहेत, समजून सही केलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालेल."

बाहेर आल्यावर देवकाबाई त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, "मी अनुसयेपाशी राह्यतो. लीनाले सांग, माया कपड्याचं बोचकं घेऊन येजो म्हना. डबा थे आनन. तू नको येजो."

"किती दिवस, आई?"

"मी बलावीन तवर."

"मी शेकाला तुझ्यासोबत बसलो तर..."

"कायले? पुस्तक वाचाले?"

त्या अनुसयाबाईचा दंड धरून धर्मशाळेच्या वाटेला लागल्या. चाल मंद होती, पण वळून त्यांनी पाहिलं नाही.

लीना रोज कचेरी सुटली की डबा घेऊन जायची. आल्यावर कृष्णकांत दारातच विचारायचा, आणि ती चपला काढता काढता सांगायची, आज हो म्हणाल्या. आजही हो. आज जुलाब लागले, डॉक्टरीणबाईंशी भांडल्या, मग हो म्हणाल्या. दवाखान्यात फोन करून विचारावं असं त्याला अनेकदा वाटलं. पण आपल्याला विचारण्याचा हक्क उरला आहे का, याचा निवाडा होईना, आणि तो फोन तसाच राहिला. प्रभाकरचं पोस्टकार्ड आलं. त्यात माय कशी आहे एवढंच होतं आणि पत्ता लीनाच्या नावे होता.

आठव्या दिवशी लीनाला यायला उशीर झाला.

"आज नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं. नाहीच म्हणाल्या. उद्याही नको, आता बंद. भाऊजींना निरोप धाडलाय. शनिवारी वडनेरला जातील."

"का?" कृष्णकांत उठून उभा राहिला. "तीनच तर राहिले होते. त्रास फार होतोय का? रक्त सुरू झालंय? काय म्हणाली ती?"

"सांगितलं त्यांनी मला. का नको ते."

"मग?"

लीनाने त्याच्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्यामुळेच तो घाबरला.

"तुम्हाला सांगू नको म्हणाल्या," ती म्हणाली आणि डबा धुवायला आत गेली.